प्लॅटिडोरस ऊर्फ पट्टेवाला रॅफेल: ओळख, टाकी, खाणं, औषधपाणी

तळवासी (धागाकर्ता)

दुकानात 'रॅफेल', 'टॉकिंग कॅट', 'चॉकलेट कॅट' अशा नावांनी जे काटेरी मासे विकले जातात, त्यांची माहिती इथे दहा धाग्यांत विखुरलेली आहे. ती एका जागी यावी म्हणून हा धागा. मुख्य विषय प्लॅटिडोरस ही प्रजाती. भाऊबंदांबद्दल प्रश्न आले तर तेही इथेच घेऊ.

आधी मूळ माहिती. हा मासा दक्षिण अमेरिकेचा. डोरॅडिडी हे त्याचं अख्खं कुळच त्या खंडापुरतं मर्यादित आहे, आपल्याकडच्या शिंगट्या, शिंगाळे किंवा मांगूर यांच्याशी जवळचं नातं नाही. अंगावर खवले नाहीत, कातडी उघडी. पण दोन्ही बाजूंना गिलापासून शेपटीपर्यंत हाडांच्या चकत्यांची एक ओळ असते आणि प्रत्येक चकतीवर मागे वळलेला आकडा. पाठीवरच्या पंखाचा पहिला काटा आणि छातीच्या दोन पंखांचे काटे जाड, करवतीसारखे दातेरी. हे तिन्ही काटे मासा उभारून कुलूप लावल्यासारखे पक्के करतो. रॅफेल पाळताना येणाऱ्या निम्म्या अडचणी या तीन काट्यांच्या आहेत, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

प्रजाती ब्लीकरने १८६२ मध्ये मांडली. आज तिच्यात पाच जाती धरतात: आर्माट्युलस, कोस्टॅटस, हॅनकॉकी, २००८ मध्ये वर्णन झालेली ब्रॅकिलेसिस (ईशान्य ब्राझीलच्या पार्नाइबा आणि शेजारच्या नद्या) आणि २०१८ ची बिरिंदेली (शिंगू नदी). दुकानात येणारा काळा-पांढऱ्या पट्ट्याचा मासा म्हणजे आर्माट्युलस: ओरिनोको, ॲमेझॉन, एसेक्विबो, पाराना अशा मोठ्या खोऱ्यांतला. जुन्या पुस्तकांत आणि आजही बऱ्याच किंमतपत्रकांत त्याला 'कोस्टॅटस' लिहिलेलं दिसेल. तो घोळ २००८ च्या कामात निस्तरला. खरा कोस्टॅटस सुरिनाम आणि फ्रेंच गयानाच्या किनारी नद्यांतला, आणि तो आपल्या बाजारात जवळजवळ येतच नाही.

टाकीत साधारण १५ ते २० सेंमी होतो. दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. घेताना बोटाएवढा दिसतो म्हणून फसू नका.

मुठाकाठ

चांगला धागा. ओळखीबद्दल थोडं वाढवा ना. दुकानदार तीन वेगळे मासे एकाच भावात 'रॅफेल' म्हणून देतात.

अभ्यासू_मासा

मी सांगतो. टाकीसमोर उभं राहून पाहायच्या गोष्टी:

पट्टेवाला, म्हणजे प्लॅटिडोरस आर्माट्युलस: गडद अंग, डोळ्याच्या वरून निघून बाजूने थेट शेपटीच्या मधल्या किरणांपर्यंत जाणारा पिवळट-पांढरा पट्टा. पोट फिकं. पिल्लांत पट्टा ठसठशीत, वय वाढलं की मळका होतो. फिकट पट्टा म्हणजे आजारी मासा असं समजू नका.

ठिपकेवाला, म्हणजे अगामिक्सिस: काळ्या अंगावर पांढरे ठिपके. पेक्टिनिफ्रॉन्स आणि अल्बोमॅक्युलेटस अशा दोन जाती, पाळण्याच्या दृष्टीने फरक नाही. १५ सेंमीच्या आसपास थांबतो.

चॉकलेटी, म्हणजे अकँथोडोरस: तपकिरी, चपटं डोकं, पट्टा असलाच तर पुसट. अतिशय लाजरा. विकत घेतल्यावर महिनोन् महिने दिसला नाही तरी तक्रार करू नये.

एक चकवा आहे: ओरिनोकोडोरस. हुबेहूब पट्टेवाल्यासारखा दिसतो, पण तोंड लांब आणि टोकदार, आणि पाठीवरचा मागचा मांसल पंख पुढपर्यंत लांबलेला. प्लॅटिडोरसमध्ये तो पंख आखूड असतो. गठ्ठ्यात मिसळून येतो. काळजी सारखीच.

आणि 'सिनोडोंटिस' दाखवून 'हाच बोलका रॅफेल' म्हणाले तर नम्रपणे मान हलवा. तो आफ्रिकेचा, कुळ वेगळं. खालच्या मिशा फांद्या फुटल्यासारख्या असतात आणि बाजूला आकडे नसतात. रॅफेलच्या मिशा साध्या, तीन जोड्या: एक वरच्या जबड्याला, दोन हनुवटीला.

वैनगंगा

टाकी किती मोठी लागते? दोन फुटीमध्ये एक ठेवला तर?

तळवासी

६-७ सेंमीचं पिल्लू वर्षभर काढेल. कायमची नाही. कायमसाठी ४ × १.५ × १.५ फूट धरा. काठोकाठ हिशेब केला तर २५५ लिटर. वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की हातात २१०-२२० लिटर पाणी उरतं. त्यात तीन ते पाच रॅफेल आरामात. एकटा राहतो, पण दोन-तीन असले की एकाच बिळात दाटीवाटीने बसतात आणि बाहेरही जास्त येतात. आपसात मारामारी नगण्य.

उंचीपेक्षा तळाचं क्षेत्रफळ बघा. दोन फूट उंच 'शो टँक' या माशाला फुकट आहे.

फिल्टरमधून तासाला टाकीच्या चार-पाच पट पाणी फिरावं, पण धार तळावर आदळू नये. हे संथ, वाळूच्या तळाचे मासे आहेत. दर आठवड्याला ३० टक्के पाणी बदला, म्हणजे या टाकीत ६५ लिटर, मोठ्या चार बादल्या.

खाजणवाला

वाळूचं बोला. रंगीत खडे टाकून रॅफेल ठेवलेले पाहिले की हात शिवशिवतात.

तळवासी

वाळूच हवी. हा मासा डोळ्यांपर्यंत स्वतःला पुरून घेतो आणि मिशा वाळूत घालून खाणं हुडकतो. धारदार खड्यांवर मिशा झिजतात, मग टोकांना पांढरट बुरशी, मग खाणं सापडत नाही, मग मासा खंगतो. लोक बुरशीचं औषध शोधत बसतात, कारण असतं तळाशी.

बांधकामाची क्रश सँड अजिबात नको. दगड फोडून केलेली असते, कडा धारदार. नदीची वाळू चालते. दोन चाळण्यांतून काढा, मोठे खडे आणि पीठ दोन्ही टाकून द्या, अर्धा ते एक मिलिमीटरचा कण ठेवा. पाणी नितळ येईपर्यंत धुवा. पोहण्याच्या तलावाच्या फिल्टरची सिलिका वाळू मिळाली तर उत्तम, धुण्याचा त्रासही कमी.

थर ४-५ सेंमी. त्याहून जाड केला तर खाली काळे पट्टे पडतात, ढवळलं की सडक्या अंड्याचा वास येतो.

खाजणवाला

कोकणातल्यांसाठी पुस्ती: खाडीची किंवा किनाऱ्याची वाळू नको. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो. मूठभर कोरड्या वाळूवर पांढरं व्हिनेगर ओता. फसफसली तर ती वाळू पीएच आणि जडपणा चढवत राहणार.

मुठाकाठ

लपायला काय ठेवावं? माझ्या माहितीत प्लंबिंगचे पाइप सगळे वापरतात, पण त्यात मासे अडकून मेल्याचंही वाचलंय.

अभ्यासू_मासा

अडकतात, आणि कारण सरळ आहे. मासा पुढे सरकतो तेव्हा आकडे मागे वळलेले असल्याने अडथळा नसतो. मागे येताना तेच आकडे कडेला रुततात. घाबरला की छातीचे काटे आडवे उघडून कुलूप लावतो. अरुंद भोकात हे झालं की सुटका नाही. शिवाय मासा दर महिन्याला थोडा जाडच होत असतो, भोक तेवढंच राहतं. चिनी मातीचे किल्ले, कवट्या, छिद्राछिद्रांचे शोभेचे दगड याच कारणाने धोक्याचे.

पीव्हीसी पाइपचं माप: पिल्लांना ६३ मिमी, १० सेंमीच्या पुढे ९० मिमी, पूर्ण वाढलेल्याला ११० मिमी. लांबी २५-३० सेंमी, दोन्ही तोंडं उघडी. कापलेल्या कडा पॉलिश पेपरने गोल करा, त्या ब्लेडसारख्या असतात.

त्याहून चांगला उपाय म्हणजे पाइप उभा चिरून अर्धा करायचा आणि पालथा ठेवायचा. अडकण्याचा प्रश्नच मिटतो आणि मासा तपासायचा असेल तेव्हा नुसतं उचललं की झालं.

खाजणवाला

त्यासाठी पाइप कशाला चिरताय? नळीची कौलं वापरा की! जुन्या घरांची उतरवलेली ढिगाने मिळतात. अर्धगोल, खरखरीत, आत अंधार. फक्त चुना किंवा सिमेंट लागलेली नकोत, पाणी जड होतं. ब्रशने घासा, उकळत्या पाण्यात घाला, दोन दिवस साध्या पाण्यात बुडवून ठेवा. वाळूत थोडी रुतवा म्हणजे खाली खणलं तरी कौल अंगावर बसणार नाही.

तळवासी

कौल झकास. माशांच्या संख्येपेक्षा एक आसरा जास्त ठेवा.

आणि हीटर! हा मासा हीटरच्या मागे, काचेच्या फटीत बसतो आणि तिथून हलत नाही. पोटावर किंवा बाजूला पांढरट, मग लाल चट्टा दिसला की आधी हीटर आठवा. प्लास्टिकची जाळी असलेला घ्या किंवा हीटर संपमध्ये (टाकीखालच्या फिल्टरच्या वेगळ्या टाकीत) ठेवा. आसरे कमी असले की हे हमखास होतं.

सावली

हीटर खरंच लागतो का आपल्याकडे?

तळवासी

मुंबई-कोकणात बहुतेक नाही. पुणे, नाशिक, सातारा भागात डिसेंबर-जानेवारीत लागतो. पाणी २४ ते २८ अंशांत ठेवायचं आहे. २० पर्यंत उतरलं तर मासा लगेच मरत नाही, पण खाणं टाकतो आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला दार उघडतं. २१५ लिटरला २०० वॅटचा हीटर पुरतो.

वैनगंगा

आमच्याकडे उलटा प्रश्न. मे महिन्यात टाकीचं पाणी ३३ च्या वर जातं.

अभ्यासू_मासा

गरम पाण्यात मुख्य तोटा प्राणवायूचा. संपृक्त पाण्यात २५ अंशांना लिटरमागे साधारण ८.२ मिग्रॅ मावतो, ३३ अंशांना ७.२. त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते आणि तळाचं कुजणंही जोरात. म्हणून उन्हाळ्यात खाणं निम्मं करा आणि हवेचा दगड रात्रंदिवस चालू ठेवा. वीज जाणाऱ्या भागात बॅटरीवर आपोआप सुरू होणारा एअरपंप घेऊन ठेवा.

टाकीचं झाकण काढून पाण्यावर पंखा सोडला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. विदर्भाच्या कोरड्या हवेत हे छान चालतं, मुंबईच्या दमटपणात कमी. उडालेलं पाणी भरताना बोअरचं भरू नका, क्षार साचत जातात. आरओचं किंवा मऊ पाणी घाला.

मुठाकाठ

बोअरच्या पाण्यावर रॅफेल राहतो का? सोसायटीत टीडीएस ६०० आहे, पीएच ८.२.

तळवासी

राहतो. पीएच ६ ते ७.५ त्याच्या आवडीचा, पण बऱ्यापैकी सोसतो. दख्खनच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी जडच असतं. त्यात मासा जडपणाने मरत नाही, दोन गोष्टींनी मरतो.

एक, अचानक बदल. दुकान मऊ पाण्यावर आणि तुम्ही बोअरवर. पिशवी तरंगवून वीस मिनिटांत सोडून दिला तर धक्का बसतो. सलाइनच्या नळीने थेंब थेंब पाणी सोडत ४५-६० मिनिटं घ्या.

दुसरी गोष्ट अमोनियाची, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात साचणाऱ्या विषाची. चाचणीत जो आकडा येतो त्यातला विषारी भाग पीएचवर ठरतो. २८ अंशांना पीएच ७ असेल तर तो एक टक्क्याहून कमी, ८.२ असेल तर दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे मऊ पाण्यात खपून जाणारी फिल्टरची हयगय बोअरच्या पाण्यात मासा मारते. नवीन टाकीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्याशिवाय रॅफेल आणू नका.

आरओ घरी असेल तर मिसळा. २० टीडीएस आणि ६०० टीडीएस सारख्या मापाने घेतलं की ३१० येतं, भरपूर झालं. प्रमाण ठरवलंत की तेच ठेवा, दर आठवड्याला प्रयोग नकोत.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारायला हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. १०० ग्रॅम स्फटिक विरघळवून एकूण एक लिटर द्रावण करा, १०० लिटर नव्या पाण्याला त्यातलं १० मिली. पालिकेच्या पाण्यातल्या नेहमीच्या क्लोरीनला पुरेसं आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला क्लोरीनचा वास भपकन येतो तेव्हा दुप्पट घाला. टँकरचं पाणी मात्र आदल्या दिवशी पिंपात भरून हवा सोडून ठेवा आणि क्लोरीन तपासूनच वापरा.

सावली

पाणी तपासायच्या कागदी पट्टीवर अमोनिया नसतोच बऱ्याचदा.

तळवासी

बरोबर. अमोनियाला थेंबांची किट वेगळी घ्यावी लागते. पट्टीवर भरवसा नको.

वसईकर

आता मासा पकडायच्या जाळीत काटे अडकतात, तो विषय घ्या. एकदा अडकला की काय करायचं?

तळवासी

पहिलं म्हणजे जाळी वापरायचीच नाही. प्लास्टिकचा डबा किंवा बरणी तोंडाशी धरायची, दुसऱ्या हाताने कौल हळूच उचलून माशाला आत वळवायचं. अर्ध्या पाइपमध्ये असेल तर खाली तळहाताऐवजी डबा.

अडकलाच तर:

ओढू नका. काटा कुलूपबंद असतो, ओढलं तर तळातून मोडतो किंवा सांधा फाटतो आणि तिथे जंतू धरतात.

जाळी पाण्यातच ठेवा, टाकीचा दिवा बंद करा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. शांत झाला की पुष्कळदा काटे मिटून आपणच सुटतो.

नाही सुटला तर जाळीचं कापड कापा. नखं कापायची छोटी कात्री, एकेक घर, काट्याच्या मुळाशी न जाता. टोकावर दोरा राहिला तरी चालेल, पुढे गळून पडतो. शंभर-दीडशेची जाळी वाचवायला मासा गमावू नका.

हातात धरायची वेळ आलीच तर छातीचा काटा आणि अंग यांच्या बेचक्यात बोट जाऊ देऊ नका. काटा मिटला की चिमट्यात सापडल्यासारखं होतं. सापडलं तर हिसका देऊ नका, हात माशासकट पाण्यात बुडवा आणि वाट बघा. तो सोडतो.

अभ्यासू_मासा

टोचलं तर जखम वाहत्या पाण्याने धुवा, मग सोसवेल एवढ्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास बोट बुडवून ठेवा. वेदना बऱ्याच उतरतात. शिंगटीचा काटा लागल्यावर कोळी लोक शेक घेतात, तत्त्व तेच. पाणी दुसऱ्या हाताने तपासून घ्या, दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. काट्याचं टोक आत राहिलं असेल, सूज चढत असेल किंवा धनुर्वाताचं इंजेक्शन जुनं झालं असेल तर डॉक्टरकडे जा.

सावली

खाणं काय आणि किती? दिवसा काहीच खात नाही.

खाजणवाला

दिवसा देऊच नका. दिवे बंद झाल्यावर अर्ध्या तासाने, बुडणारं खाणं, कौलाच्या तोंडाशी. दिवसा टाकलेलं वरचे मासे संपवतात, उरलेलं सडतं, आणि मालक म्हणतो 'रोज घालतो तरी बारीक'.

१२ सेंमीच्या माशाला ३-४ मिमीच्या बुडणाऱ्या चार-पाच गोळ्या, एक दिवसाआड. आठवड्यातून एकदा गोळ्यांऐवजी गांडूळ किंवा कोळंबी. पूर्ण वाढलेल्याला आठवड्यातून तीनदा पुरे.

गांडुळात एक मेख आहे. गांडूळखताच्या वाफ्यातली तांबडी पट्टेरी गांडुळं, म्हणजे आयसेनिया, डिवचल्यावर कडवट, वासाचा पिवळा द्रव सोडतात. पुष्कळ मासे तोंडात घेऊन थुंकतात. निळसर झाक असलेली मोठी आफ्रिकन गांडुळं चालतात, बागेच्या मातीतलीही, फवारणी नसेल तर. ओल्या कापडात रात्रभर ठेवा, पोटातली माती निघते, मग तुकडे.

कोळंबी सोलून, मटाराएवढे तुकडे. ताजा जवळा मिळाला तर सोनं. सुका जवळा द्यायचाच तर दोन पाण्यांत भिजवा, मीठ आणि रेती फार असते. नाल्यातले जिवंत ट्यूबिफेक्स (बारीक तांबडे किडे) नकोतच.

वसईकर

गोगलगायी खातो म्हणतात ते खरं का? झाडांबरोबर आलेल्या आहेत शेकड्यांनी.

अभ्यासू_मासा

खरं. जंगलातही शिंपले-गोगलगायी, कवचधारी प्राणी आणि तळाचा पालापाचोळा-गाळ हाच आहार. टाकीत चपट्या आणि तलावातल्या छोट्या गोगलगायी बऱ्यापैकी साफ करतो. मलेशियन, लांब शंकूच्या कवचाच्या, त्या वाळूत शिरतात आणि कवच कठीण, तिथे यश कमी. गोगलगायींचं औषध म्हणून तांबं टाकलेल्या टाकीत मात्र रॅफेल सोडू नका.

तळवासी

खाण्यातली खरी चूक उलट दिशेची असते. हा मासा समोर येईल तितकं गिळतो. फ्रोजन ब्लडवर्मचा (गोठवलेल्या लाल अळ्यांचा) अख्खा ठोकळा घातला तर सकाळी पोट टंच फुगलेलं, मासा कौलाबाहेर पडून श्वास ओढतोय. घाबरून औषध घालू नका. तीन-चार दिवस उपास, पाणी बदल, हवा. बहुतेक वेळा उतरतं. खवले नसल्याने जलोदर ओळखायला 'खवले उभे' ही खूण इथे नाही. त्यामुळे आठवड्यानेही पोट न उतरणं, डोळे बाहेर येणं याकडे लक्ष ठेवा.

नव्याने आलेला मासा मात्र नेहमी उलटा असतो: डोकं मोठं, पोट आत. त्याला पहिले दोन आठवडे रोज थोडं थोडं द्या.

वैनगंगा

पांढरे ठिपके आले तर? दुकानदाराने मॅलॅकाइट ग्रीन-फॉर्मलिनची बाटली दिली, पण इथे नको म्हणतात.

तळवासी

उघडी कातडी, म्हणून औषध थेट भिडतं. तांब्याची औषधं टाळाच. मॅलॅकाइट-फॉर्मलिन वापरावंच लागलं तर बाटलीवरच्या मात्रेच्या निम्म्याने सुरू करा, आणि हवा जोरात, कारण फॉर्मलिन प्राणवायू ओढतं.

मी आधी उष्णता सुचवेन. बारा तासांना एक अंश या वेगाने ३० पर्यंत, जास्तीचा एअरस्टोन, तळाची घाण रोज ओढून घ्या. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही आणखी आठवडाभर तापमान धरून ठेवा. अंगावरचा ठिपका औषधाला दाद देत नाही, सुटून पाण्यात पोहणारी अवस्था मरते. उष्णतेने ते चक्र लवकर फिरतं, एवढाच अर्थ. ठिपके गेले म्हणून तिसऱ्या दिवशी थांबलात तर दुप्पट होऊन परत येतात.

मुठाकाठ

मीठ? कॅटफिशला मीठ म्हणजे विष असं सर्रास लिहिलेलं असतं.

अभ्यासू_मासा

अतिशयोक्ती आहे. घाईने घातलेलं मीठ त्रास देतं, मोजून घातलेलं नाही. दोन फुटी आजारी-टाकीत ५० लिटर पाणी धरा. पहिल्या दिवशी ५० ग्रॅम खडे मीठ, म्हणजे लिटरला १ ग्रॅम, मगभर पाण्यात विरघळवून तीन हप्त्यांत. चोवीस तास बघा. मासा पडून धापा टाकत नसेल तर आणखी ५० ग्रॅम. २ ग्रॅमच्या पुढे रॅफेलला नेऊ नका. पाणी बदलताना जेवढं पाणी काढलं तेवढ्याचंच मीठ घाला, हा हिशेब चुकला की मीठ चढत जातं. झाडांच्या मुख्य टाकीत हे करू नये.

तळवासी

मला मीठ दुसऱ्या क्रमांकावर ठेवायला आवडेल, पण हा हिशेब बरोबर आहे. मे महिन्यात पाणी आधीच ३३ वर असेल तर उष्णतेचा उपाय तसाही गैरलागू, तिथे मीठच.

सावली

सोबत कोण चालतं? निऑन आहेत माझ्याकडे वीस.

खाजणवाला

निऑन झोपतात, रॅफेल जागा असतो. मुद्दाम शिकार करत नाही, पण तोंडात मावणारी गोष्ट वाटेत सापडली तर सोडत नाही. पूर्ण वाढलेल्यासोबत निऑन आणि गप्पीची पिल्लं नको. सेव्हेरम, सिल्व्हर डॉलर, मोठे टेट्रा, प्लेको उत्तम.

अभ्यासू_मासा

उलट बाजू जास्त भयंकर. ऑस्कर, अरोवाना, रेडटेल अशांच्या टाकीत बोटाएवढा रॅफेल 'साफसफाईला' सोडतात. मोठा मासा गिळायला जातो, रॅफेल काटे उभारून घशात कुलूप लावतो आणि दोघंही जातात. उपटून काढता येत नाही, आकड्यांची दिशा आडवी येते. पाहिल्या पाहिल्या मोठ्या माशाला ओल्या टॉवेलात धरून, दिसणारे काटे छोट्या वायर-कटरने तोडून, मग पुढे किंवा मागे, जिकडे सहज सरकेल तिकडे. यश येईलच असं नाही. दुसऱ्याच्या तोंडात मावणारा रॅफेल त्या टाकीत ठेवायचाच नाही.

मजा म्हणजे ब्राझीलमध्ये याच माशाची पिल्लं त्राइरासारख्या शिकारी माशाच्या अंगावरचे परजीवी टिपताना नोंदली गेली आहेत, आणि तो त्यांना खात नाही. पण तो नदीतला करार टाकीतल्या ऑस्करला माहीत नसतो.

वसईकर

आवाजाचं कुणीच लिहिलं नाही! 'टॉकिंग' म्हणून तर विकतात.

अभ्यासू_मासा

दोन यंत्रणा आहेत. छातीच्या काट्याचं मूळ खोबणीत घासून करकर आवाज: मासा बाहेर काढला की ऐकू येतो तो. दुसरा खोल गुरगुरण्याचा. कवटीमागच्या स्नायूंनी एक लवचिक हाडाची पट्टी थरथरते, ती हवेच्या पिशवीला जोडलेली, पिशवी ढोलकीचं काम करते.

व्हिएन्ना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये नेमका प्लॅटिडोरस आर्माट्युलस घेऊन २२ आणि ३० अंशांना तुलना केली. गरम पाण्यात गुरगुरण्याची पट्टी वर चढली आणि श्रवणही तीक्ष्ण झालं. हातात धरल्यावरचा आवाज हा त्रासाचा असतो. पाहुण्यांना ऐकवायला मासा बाहेर काढू नका.

मुठाकाठ

नर-मादी आणि पिल्लं?

तळवासी

बाहेरून खात्रीने सांगता येत नाही. वयात आलेली मादी वरून पाहिल्यावर रुंद, एवढंच. घरच्या टाकीत अंडी घालणं अतिदुर्मिळ, व्यापारी केंद्रांत संप्रेरकाची इंजेक्शनं देऊन करतात. 'ब्रीडिंग पेअर' म्हणून जास्त पैसे मागितले तर देऊ नका.

वैनगंगा

'ब्लॅक डोरस' आणि 'जायंट रॅफेल' अशीही पिल्लं दिसली. घ्यावीत का?

तळवासी

नाही. 'ब्लॅक डोरस' बहुधा ऑक्सिडोरस नायजर, एक मीटरपर्यंत जातो. 'जायंट' म्हणजे मेगॅलोडोरस किंवा टेरोडोरस, दोघंही अर्ध्या मीटरच्या पुढचे. स्वभाव गायीसारखा, पण गोठा कुठून आणणार? तुमच्या टाकीची लांबी चार फूट असेल तर पट्टेवाला, ठिपकेवाला आणि चॉकलेटी, इथेच थांबा.

खाजणवाला

आणि नको झाला म्हणून नदी-तलावात सोडू नका. सकर फिशने उजनीत मच्छीमारांची जाळी आणि मासेमारी यांचं काय केलंय ते समोर आहे. रॅफेलही काटेरी, चिवट आणि दीर्घायुषी. दुकानाला परत द्या किंवा इथल्या देवाणघेवाणीच्या धाग्यावर टाका.

सावली

देवाणघेवाणीवरून आठवलं, रॅफेल एसटीने पाठवायचा असेल तर पिशवी फुटणार नाही का?

खाजणवाला

साध्या पिशवीत हमखास फुटते. दोन दिवस उपाशी ठेवा, म्हणजे वाटेत पाणी घाण होत नाही. रुंद तोंडाची पाच लिटरची प्लास्टिक बरणी, झाकणाला चार-पाच बारीक छिद्रं, एक तृतीयांश पाणी आणि वर हवा. एका बरणीत एकच. आत सुती फडक्याचा तुकडा टाकू नका, काटा अडकतो. बरणी खोक्यात, भोवती वर्तमानपत्र, अंधार राहिला की मासा हलत नाही.

पिशवीच वापरायची असेल तर तिहेरी, पहिल्या आणि दुसऱ्या थरामध्ये वर्तमानपत्राच्या चार घड्या, आणि कोपरे रबरबँडने बांधून गोल करा. कोपऱ्यातच तोंड खुपसून भोक पाडतो.

वसईकर

उपासाचे दोन दिवस घेणाऱ्यालाही सांगा. पोचल्या दिवशीही खायला घालू नये, दुसऱ्या रात्री दोन गोळ्या.